पाच वर्षांची मुलगी भाजीला हातच लावत नाही, काय करावं?

आधी दूध मोजा. दिवसाला तीन-चार कप दूध आणि मधल्या वेळी बिस्किटं पोटात गेली, तर जेवताना भूक कुठून लागणार? आमच्याकडे नेमकं हेच चाललं होतं. दूध दोन कपांवर आणलं, बिस्किटांचा पुडा घरात आणणंच बंद केलं. पहिला आठवडा रडारड झाली (जास्त सासूबाईंची, "पोर उपाशी राहील गं!").

नवी भाजी मुलं आठ-दहा वेळासुद्धा नाकारतात, मग कधीतरी चाखतात. म्हणून ताटात एकच घास वाढायचा, आग्रह नाही आणि समोर मोबाइल तर नाहीच.

शनिवारी मी लेकीला ठाण्यात जांभळी नाक्यावर भाजीला नेते. पावसाळ्यात तिथे कंटोली दिसली. "ही काटेवाली कसली?" म्हणत तिनेच निवडून पिशवीत टाकली. कांदा-खोबरं घालून परतली, तर चक्क दोन फोडी खाल्ल्या! भेंडीच्या नशिबी हे अजून आलेलं नाही.

पालकाच्या वरणावर लिंबू पिळा, त्यातलं लोह अंगी लागतं. आणि बाबांनी भाजी ताटाच्या कडेला सारली, की तीही सारणारच. वजन वाढत नसेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.