वाचकांचे प्रश्न: जुना लॅपटॉप, जुने फॉन्ट आणि कपाटातल्या कॅसेट

प्रश्न : माझ्याकडे इंटेल आय-३ पाचव्या पिढीचा लॅपटॉप आहे. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज ११ यावर चालणार नाही असा संदेश येतो. दुकानदार म्हणतात, भंगारात काढा. मला मराठी टायपिंग, इंटरनेट, यूट्यूब आणि पीडीएफ वाचणं एवढंच करायचं असतं. — निवृत्त शिक्षक, सांगली

भंगारात अजिबात काढू नका. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. तुमची अडचण एवढीच आहे. तुमच्या चार कामांना या प्रोसेसरची ताकद पुरेशी आहे. मशीन रडतरखडत चालत असेल, तर ते बहुतेक हार्ड डिस्कमुळे. सुरू केल्यावर टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा पाच-दहा मिनिटं १०० टक्क्यांवरच अडकलेला दिसत असेल, तर दुखणं तिथेच आहे.

म्हणून पहिला खर्च एसएसडीचा, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कचा. अडीच इंची साटा, ७ मिलिमीटर जाडीची, २४० किंवा २५६ जीबीची. पैसे उरले तर रॅम ८ जीबी करा. मात्र या पिढीच्या बहुतेक लॅपटॉपना डीडीआर-३-एल, म्हणजे १.३५ व्होल्टची रॅम लागते. जुनी १.५ व्होल्टची स्वस्तात मिळते, पण ती लावली की मशीन सुरूच होत नाही किंवा मधेच बंद पडतं. काही पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, तेव्हा खरेदीआधी मागचं झाकण उघडून बघा.

काढलेली हार्ड डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून बाजूला ठेवा. तिला हात न लावणं हाच तुमचा सगळ्यात भरवशाचा बॅकअप. विंडोज बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) वापरत असेल, तर डिस्क काढण्याआधी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, नाहीतर त्या केसिंगमधली डिस्क उघडणार नाही.

नव्या एसएसडीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाका. बावीसच्या मालिकेतली एक्सएफसीई आवृत्ती घ्या. ती हलकी आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. इन्स्टॉल करायची आयएसओ फाइल सुमारे ३ जीबीची असते. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ती रूफस किंवा बलेना एचर या प्रोग्रामने लिहा. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, आणि लिहिताना पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. मशीन सुरू करताना बूट मेनूची (मशीन कुठून सुरू करायचं ते निवडण्याची) की दाबा. डेल आणि लेनोव्होमध्ये बहुधा एफ-१२, एचपीमध्ये एफ-९.

समोर आलेलं मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालत असतं. लगेच इन्स्टॉल करू नका. आधी वाय-फाय, आवाज, प्रिंटर तपासा. झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर मशीन जागं होतं का, हेही बघा. ब्रॉडकॉमची वाय-फाय चिप असेल तर अनेकदा नेटवर्क दिसत नाही. अशा वेळी फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) सुरू करा आणि इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या. इन्स्टॉल करताना मल्टिमीडिया कोडेकच्या चौकोनात खूण करायला विसरू नका. ती राहिली तर काही व्हिडिओ चालत नाहीत आणि लोक लिनक्सला नावं ठेवतात.

मराठीसाठी कीबोर्डच्या लेआउटमध्ये जाऊन 'मराठी, एनहान्स्ड इनस्क्रिप्ट' जोडा. उच्चाराप्रमाणे टाइप करायची सवय असेल तर तिथेच 'कगप फोनेटिक' मिळेल.

ज्यांचं काम टॅलीवर चालतं त्यांनी मात्र हा बदल करू नये. डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्यांनी टोकन बनवणाऱ्या कंपनीचा लिनक्ससाठी ड्रायव्हर आहे का, हे आधी पाहावं.

प्रश्न : आमच्या साप्ताहिकाचे जुने अंक पेजमेकर या मांडणीच्या प्रोग्राममध्ये आहेत, काही कृतिदेव फॉन्टमध्ये, काही श्रीलिपी फॉन्टमध्ये. मजकूर वर्डमध्ये घेतला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर बदलून देणारा कन्व्हर्टर वापरला तर रफार आणि वेलांट्या हलतात. — डीटीपी ऑपरेटर, लातूर

हे काम नीट झालंच पाहिजे. वीस-पंचवीस वर्षांचं मराठी लेखन अशा फाइलींत कोंडून पडलंय. ते शोधता येत नाही, आणि तो फॉन्ट मशीनवर नसेल तर वाचताही येत नाही.

घोटाळा कुठे होतो ते आधी बघू. कृतिदेवमध्ये पडद्यावर 'मराठी' दिसतं तेव्हा फाइलमध्ये इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच अक्षरं साठवलेली असतात. फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो, इतकंच. फॉन्ट काढला की उरतात इंग्रजी अक्षरं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच क्रमांकपद्धतीत, म, र, ठ यांना स्वतःचे क्रमांक आहेत, त्यामुळे फॉन्ट कुठलाही लावला तरी अक्षर तेच राहतं.

दुसरी भानगड क्रमाची. 'आर्थिक' हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये तो दिसतो तसा, टाइपरायटरच्या क्रमाने साठवतात: आ, मग वेलांटी, मग थ, मग रफार, मग क. युनिकोडचा क्रम उच्चाराचा असतो: आ, र, हलन्त, थ, वेलांटी, क. म्हणजे कन्व्हर्टरला वेलांटी पुढे न्यायची असते आणि रफार मागे. साध्या अक्षरावर हे जमतं. 'स्थिती'सारखं जोडाक्षर आलं किंवा रफार आणि वेलांटी एकाच अक्षरावर आली की कच्चे कन्व्हर्टर घसरतात.

आता कामाचा क्रम. मूळ फाइलची प्रत करा आणि प्रतीवरच काम करा. पेजमेकरमधून मजकूर एक्स्पोर्ट करताना आरटीएफ निवडा, साधा टेक्स्ट नको. साध्या टेक्स्टमध्ये कुठला तुकडा कुठल्या फॉन्टमध्ये होता ही माहिती पुसली जाते. मग बातमीतलं खरं इंग्रजी नाव किंवा ईमेल पत्ताही कन्व्हर्टर मराठी समजून बदलतो, आणि तो कचरा नंतर हाताने वेचावा लागतो.

आरटीएफ वर्डमध्ये उघडण्यापूर्वी ऑटोकरेक्ट पूर्ण बंद करा. कृतिदेवमध्ये एकेरी अवतरणचिन्ह म्हणजे अर्धा श आणि दुहेरी म्हणजे अर्धा ष. वर्डने ती चिन्हं 'सुंदर' वळणाची केली की श आणि ष गेलेच. वाक्याचं पहिलं अक्षर वर्ड आपणहून कॅपिटल करतं, त्याने पहिलं मराठी अक्षरच बदलतं. कन्व्हर्टरला दिलेले बरेच दोष खरं तर या पायरीवरचे असतात.

फॉन्टचं नेमकं नाव पाहून त्याचाच कन्व्हर्टर वापरा. श्रीलिपीत अक्षरांच्या एकाहून जास्त मांडण्या आहेत, त्यामुळे 'श्रीलिपी ते युनिकोड' एवढं लिहिलेलं साधन तुमच्या फाइलला लागू पडेलच असं नाही. पूर्ण अंक घालण्याआधी या शब्दांची परीक्षा घ्या: आर्थिक, स्थिती, कार्यकर्त्यांनी, राष्ट्रीय, ज्ञानेश्वर, हृदय, डॉक्टर, ॲडव्होकेट, दऱ्याखोऱ्या, ऱ्हास. यांतले सगळे शाबूत आले तर कन्व्हर्टर चांगला. दोन-तीन बिघडले तर दुसरा शोधा, कारण तीच चूक प्रत्येक अंकात शेकडो वेळा येणार आहे.

यानंतरचा दोष डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो जास्त त्रासाचा. काही कन्व्हर्टर 'आ' हे एक अक्षर न देता 'अ' आणि पुढे काना असे दोन तुकडे देतात. काही फॉन्टमध्ये ते हुबेहूब दिसतं, पण 'आमदार' शोधलं तर सापडत नाही, आणि दुसऱ्या फॉन्टमध्ये मधेच ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. फाइंड-रिप्लेसने अ-काना, अ-काना-मात्रा, अ-काना-दोन मात्रा आणि अ-चंद्र शोधून त्यांच्या जागी आ, ओ, औ, ॲ घाला. 'दऱ्या'मधला पाऊण र दोन तऱ्हांनी लिहिला जातो: नुक्त्याचा ऱ, हलन्त, य, किंवा साधा र, हलन्त, न दिसणारं जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे, य. एक पद्धत ठरवा आणि सगळ्या अंकांत तीच ठेवा. आमचा कौल पहिलीला, कारण न दिसणारं अक्षर कॉपी करताना गळून पडतं.

तयार मजकूर लिबरऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्राममध्ये ओडीटी फाइल म्हणून ठेवा. तिथे भाषेच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' सुरू करून भाषा मराठी निवडा, हिंदी नव्हे. चांगल्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं भाषा मराठी असेल तरच उमटतात. स्टाइलमध्ये मराठीचा फॉन्ट आणि आकार वेगळ्या भागात ठरतो. वेस्टर्नचा, म्हणजे इंग्रजीचा, आकार वाढवून मराठी मोठी होत नाही, अशी तक्रार आमच्याकडे सतत येते.

मांडणीसाठी स्क्रायबस या मोफत प्रोग्रामची १.६ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या, १.४ मध्ये जोडाक्षरं तुटतात. इनडिझाइन असेल तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा. फॉन्टसाठी राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा किंवा मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता पाहा. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत.

आणि येणारा अंक आजपासूनच युनिकोडमध्ये लावा. मागचं काम सवडीने करा, पण ते रोज वाढतं ठेवू नका.

प्रश्न : व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर फुकट कसा? त्यातून व्हायरस येतो असं ऐकलं. — महाविद्यालयीन विद्यार्थिनी, मडगाव

व्हीएलसीची सुरुवात १९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल सेंट्रालमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून झाली. २००१ पासून त्याचा कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला आहे. आता व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था ते सांभाळते. त्यात जाहिराती नाहीत.

धोका प्लेअरचा नसून तो कुठून घेतला याचा आहे. २०२२ मध्ये भारतात व्हिडिओलॅनचं संकेतस्थळ काही महिने अडवलेलं होतं, नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा उघडलं. अशा वेळी लोक भलत्याच ठिकाणची फाइल घेतात. आता मूळ संकेतस्थळच वापरा. उतरवलेल्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज आणि तिथे डिजिटल सिग्नेचर उघडा. सही व्हिडिओलॅनची नसेल तर फाइल न चालवता पुसून टाका.

प्रश्न : आजोबांच्या कीर्तनाच्या तीसेक कॅसेट आहेत. त्या संगणकावर कशा घ्याव्यात? दुकानात एमपी-३ करून देतात. — वाचक, पंढरपूर

घरी करा. दुकानात वेळ वाचवायला थेट एमपी-३ करतात, आणि एकदा गाळलेला आवाज परत येत नाही.

ज्या कॅसेटवर पांढरी बुरशी दिसते ती आधी वेगळी काढा आणि वाजवू नका. बुरशी हेडला लागून पुढच्या कॅसेटवर जाते. आत टेपमागे दिसणारी लहानशी नमद्याची गादी निखळली असेल तर आवाज खोल गेल्यासारखा येतो. कॅसेट पाच स्क्रूची असेल तर दोन्ही चक्रं काढून दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवा.

कॅसेट वाजवणाऱ्या डेकचं हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने कापसाच्या काडीवर पुसा, आणि दर चार-पाच कॅसेटनंतर पुन्हा पुसा. प्रत्येक कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग मागे गुंडाळा, म्हणजे एकमेकांना चिकटलेले वेढे सुटतात.

डेकच्या लाइन-आउटमधून वायर यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज संगणकात घेणाऱ्या छोट्या उपकरणाच्या) लाइन-इनमध्ये घाला. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात नको. ते बहुधा मोनो असतं आणि लाइनच्या जोरदार सिग्नलने आवाज फाटतो. ऑडॅसिटी या आवाज भरण्याच्या प्रोग्राममध्ये ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट ठेवा. पातळी ठरवताना निरूपणावर जाऊ नका. गजर चालू असलेला भाग शोधा, जिथे टाळ आणि मृदंग एकदम भरात असतात, आणि तिथे मीटर उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही असं बघा. टाळाचा ठोका क्षणभराचा असतो. तो कापला गेला की नुसता फाटका 'खर्र' उरतो आणि नंतर काही केल्या दुरुस्त होत नाही. डॉल्बीचं बटन कॅसेटवर तशी खूण असेल तरच दाबा.

सगळंच बोळ्यातून आल्यासारखं ऐकू येत असेल, तर कॅसेट ज्या मशीनवर भरली तिचं हेड वेगळ्या कोनात होतं. तुमच्या डेकच्या हेडशेजारचा स्क्रू अगदी किंचित फिरवत टाळाचा आवाज सर्वांत लख्ख येईल तिथे थांबा. मूळ जागेची खूण आधी करून ठेवा.

तासाभराची स्टीरिओ कॅसेट न दाबलेल्या डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये सुमारे ६०० एमबी होते. ती फ्लॅकमध्ये साठवा. जागा साधारण निम्मी लागते आणि आवाजातलं काहीच जात नाही. जुन्या टेपरेकॉर्डरवर भरलेलं बहुतेक मोनोच असतं, तेव्हा एकच चॅनेल ठेवलं तरी चालेल. खरखर काढायची असेल तर ती प्रतीवर काढा: नॉइज रिडक्शनमध्ये ६ ते ९ डेसिबल, त्यापुढे नाही. जास्त ओढलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. मूळ फ्लॅक दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, एक दुसऱ्या घरी. नातेवाइकांना पाठवायला एमपी-३ खुशाल करा.

प्रश्न : पेन ड्राइव्हवरचा लग्नाचा व्हिडिओ टीव्हीवर दिसतो, पण आवाज येत नाही. दुसरा एक व्हिडिओ कॉपीच होत नाही. — वाचक, ठाणे

आवाज बहुधा डीटीएस किंवा डॉल्बीच्या अशा प्रकारात आहे, जो तुमचा टीव्ही उलगडत नाही. मीडियाइन्फो या प्रोग्राममध्ये फाइल उघडून ऑडिओची ओळ वाचा म्हणजे खात्री होईल. मग ॲव्हिडेमक्स हा मुक्त प्रोग्राम घ्या. व्हिडिओला 'कॉपी', ऑडिओला 'एएसी' आणि आउटपुटला 'एमपी-४ मक्सर' निवडून सेव्ह करा. चित्राला हात लागत नाही, म्हणून दर्जा तोच राहतो आणि काम काही मिनिटांत होतं. चित्रही दिसत नसेल तेव्हाच हँडब्रेक या प्रोग्रामने चित्र एच-२६४ प्रकारात करा, त्याला बराच वेळ लागतो.

दुसरी फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असणार. एफएटी-३२ फॉरमॅटचा पेन ड्राइव्ह त्याहून मोठी फाइल घेत नाही. त्यातलं सगळं दुसरीकडे उतरवून पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. टीव्ही जुना असेल आणि एक्सफॅट ओळखत नसेल, तर एनटीएफएस करून पाहा.