वारा पडला की डास, वारा सुटला की मुक्काम

थेलॉन नदीवरच्या माझ्या लेखानंतर वाचकांची बरीच पत्रं आली. ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: थेलॉन ही उत्तर कॅनडातली सुमारे 900 किलोमीटर लांबीची नदी. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत नुनावूतमधल्या बेकर लेक या सरोवराला जाऊन मिळते. वाटेत रस्ता नाही, गाव नाही, मोबाइल नाही. पाण्यावर उतरणारं छोटं विमान तुम्हाला सोडून परत जातं, आणि पुढचा प्रवास कनूनं, म्हणजे दोघांनी मिळून वल्हवायच्या अरुंद होडीनं करायचा. मी मूळची जैतापूरच्या खाडीकाठची. आता एडमंटनला राहते आणि उन्हाळ्यात अशा सहलींवर दुय्यम गाईड म्हणून जाते. दुय्यम म्हणजे स्वयंपाक, तंबू आणि लोकांची कुरकुर माझ्याकडे. निर्णय मुख्य गाईडचा.

माझं वय 64. तब्येत ठणठणीत, रोज आठ किलोमीटर चालतो, पण पोहता येत नाही. मला नेतील का? (निवृत्त मुख्याध्यापक, सातारा)

सर, बहुतेक नेतील. पोहता येतं का हे विचारतील, पण त्यापेक्षा जास्त लक्ष तुमच्या गुडघ्यांकडे आणि कंबरेकडे देतील. दिवसभर बसून वल्हवायचं, मग गोट्यांच्या काठावर वाकून सामान उतरवायचं, हे शरीराला जड जातं.

पोहण्याचं म्हणाल, तर त्या पाण्यात पट्टीचा पोहणाराही फार काळ टिकत नाही. मोठ्या सरोवरांवर जुलै उजाडला तरी बर्फ असतो. मॅनिटोबा विद्यापीठातले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी याचं एक सोपं सूत्र करून ठेवलंय, एक-दहा-एक. पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं, कारण गारठ्याच्या धक्क्यानं माणूस आपोआप हपापून श्वास ओढतो आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच ओढतो. त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ते जेमतेम दहा मिनिटं. आणि शुद्ध जायला साधारण तासभर लागतो. म्हणजे गारठून बेशुद्ध होण्याच्या कितीतरी आधी, हात चालेनासे झाल्यामुळे माणूस बुडतो. म्हणून लाइफ जॅकेट अंगावर आणि सगळे पट्टे आवळलेले. ते होडीत बसायच्या गादीखाली ठेवणारे महाभाग दरवर्षी भेटतात, त्यांना आम्ही काठावरून हलूच देत नाही.

तुमच्यासाठी हॅनबरी नदी थेलॉनला मिळते तिथपासून बेव्हर्ली लेकपर्यंतचा टप्पा बरा. प्रवाह शांत आहे, होडी खांद्यावर घेऊन चालावं लागत नाही. हॅनबरीनं उतरणारी सहल मात्र घेऊ नका. हेलन फॉल्स हा धबधबा आणि डिक्सन कॅन्यन ही अरुंद घळ टाळायला सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन दगडधोंड्यांतून चालायला लागतं.

कोलाड आणि ऋषिकेशला रॅफ्टिंग केलंय. नदी शांत आहे असं तुम्हीच लिहिलंय, जीपीएस आहे, सॅटेलाइट फोन भाड्यानं मिळतो. मग गाईडचे एवढे पैसे कशाला? (आयटी इंजिनिअर, पुणे)

रस्ता दाखवायला नव्हेच. नदी एका दिशेला वाहते, चुकणार कुठे?

पैसे आहेत ते "आज नाही" असं म्हणणाऱ्या माणसाचे. टुंड्रात वाऱ्याला अडवायला झाड नसतं. थेलॉनच्या काठानं मधल्या पट्ट्यात स्प्रूसची, म्हणजे सूचिपर्णी, झाडं आहेत, झाडांची हद्द मागे पडल्यावरही नदीच्या आडोशानं तगलेली, पण बेव्हर्ली, अ‍ॅबरडीन आणि शुल्ट्झ ही सरोवरं सुरू झाली की तेही संपतं. सामानानं भरलेल्या कनूची कड पाण्यापासून वीतभर वर असते. सकाळी आरशासारखं दिसणारं पाणी नाश्ता होईतो पांढरं झालेलं असतं. सरळ पलीकडे गेलात तर तासाभराचं काम, काठाकाठानं गेलात तर अर्धा दिवस. तरुण माणसाला सरळ जावंसं वाटतं. अपघात तिथे होतात, रॅपिडमध्ये, म्हणजे नदीच्या खळाळत्या उतारावर, क्वचित.

आमचा मुख्य गाईड चहाचा मग घेऊन जवळच्या टेकाडावर जातो, कापूसगवताची बोंडं कुठे झुकलीत ते बघतो, पाण्याकडे बराच वेळ पाठ करून उभा राहतो आणि खाली येऊन सांगतो, तंबू काढू नका. एकदा सोबत टोरांटोचे एक सर्जन होते. दुसऱ्या दिवशीही तेच ऐकल्यावर म्हणाले, मी इथे तंबूत पत्ते खेळायला पैसे भरलेत का? गाईड म्हणाला, हो. रात्री दोनला वारा पडला. उजेड असतोच, तेव्हा त्यानं सगळ्यांना उठवलं आणि लोक न्याहारीला थांबायच्या आत आम्ही ते पाणी ओलांडलं होतं. सर्जननं पुढे कधी घड्याळ काढलं नाही.

याच नदीवर 1926 मध्ये जॉन हॉर्नबी नावाचा इंग्रज दोन तरुण सोबत्यांना घेऊन हिवाळा काढायला आला. त्याला हा मुलूख माहीत होता, त्याची ख्यातीही होती. पण भरवसा होता तो शरद ऋतूत दक्षिणेकडे जाणाऱ्या कॅरिबूंच्या, म्हणजे उत्तरेतल्या रेनडिअरच्या, कळपांवर, आणि कळप चुकले. 1927 च्या वसंतात तिघेही उपासमारीनं गेले. शेवटी उरला तो जेमतेम 18 वर्षांचा एडगर ख्रिश्चन. त्यानं आपली डायरी राखेनं भरलेल्या शेगडीत जपून ठेवली होती, म्हणून ही हकिगत कळली. हॉर्नबी पॉइंटला झोपडीचे ओंडके आणि तीन थडगी अजून आहेत. सहली तिथे थांबतात. मला अनुभवी माणसाच्या धीटपणाची भीती वाटते ती त्यामुळे. तुमच्या ऋषिकेशच्या अनुभवाची त्यामानानं कमी.

टुंड्रात पाऊस फार कमी पडतो असं वाचलं. मग फोटोत जिकडेतिकडे तळी कशी? आमच्याकडे तर टँकर. (म्हसवड)

तुमचा प्रश्न सगळ्यात आवडला. बेकर लेक गावात पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला 300 मिलिमीटरही होत नाही, म्हणजे माणदेशापेक्षाही कमी. पण जमीन खाली कायमची गोठलेली आहे. उन्हाळ्यात वरचा थोडाच थर वितळतो, त्यामुळे पाणी मुरायला जागाच नाही. शिवाय थंडीत बाष्प कमी होतं. जे पडतं ते वरच साचतं. चालताना पाय घोट्यापर्यंत रुततो आणि खाली टणक लागतं, ते बर्फच.

स्पष्ट विचारते: शौचाला कुठे जायचं? आडोसा नाही म्हणता. आणि पाळी आली तर? (गृहिणी, डोंबिवली)

ताई, स्पष्टच सांगते. छोटं फावडं मिळतं, पाण्यापासून लांब जाऊन उथळ खड्डा करायचा, कागद जाळायचा किंवा पिशवीत परत आणायचा. पॅड किंवा तत्सम काही पुरायचं नाही, जनावरं उकरतात. घट्ट बंद होणाऱ्या दोन पिशव्या घ्या आणि सगळं परत आणा. आडोशासाठी टेकाडाची पलीकडची बाजू. गटात ठरलेलं असतं, फावडं जागेवर नसेल तर त्या बाजूला कुणी जायचं नाही.

खरा त्रास डासांचा आणि काळ्या माश्यांचा. वारा पडला की येतात ते मोजायच्या पलीकडे. कॅरिबूसुद्धा त्यांच्यापासून पळून वाऱ्याच्या उंचवट्यांवर जाऊन उभे राहतात. तुम्हीही तेच करा, जागा वाऱ्याची निवडा. डोक्यावरून घालायचं जाळीचं जॅकेट घ्या, फिक्या रंगाचं. जांभळ्या लेगिंग्जमधून डास आरपार चावलेले मी भोगलेत. ऑगस्टच्या मध्यानंतर जाच बराच कमी होतो.

शाकाहारी आहोत. कांदा-लसूण चालतो. (जोडपं, नाशिक)

नोंदणी करतानाच सांगा, सोय होते. भाजणी, बेसन, मेतकूट, मूगडाळ घेऊन या, पिठलं मी करते आणि सगळ्यात आधी तेच संपतं. काचेची बरणी आणू नका. पाणी नदीचंच पितो. पोट नाजूक असेल तर फिल्टर आणा.

ताडोब्याला दरवर्षी जातो. तिथे काय दिसेल याची खात्री आहे का? अस्वलं हल्ला करतात का? (नागपूर)

खात्री कशाचीच नाही. जिप्सी नाही, हरणा-माकडांचा इशाऱ्याचा कॉल नाही, "परवा इथे दिसली होती" सांगणारा गाईडही नाही.

दिसण्याची शक्यता जास्त ती कस्तुरी बैलांची. गुडघ्यापर्यंत लोंबणारी लोकर, नदीकाठच्या विलोच्या झुडपांत चरताना दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कातड्यासाठी त्यांची इतकी कत्तल झाली की 1917 मध्ये कॅनडाला त्यांना कायद्यानं संरक्षण द्यावं लागलं आणि 1927 मध्ये, हॉर्नबी गेला त्याच वर्षी, थेलॉनचं अभयारण्य जाहीर झालं. धोका वाटला की ते पळत नाहीत, पिल्लांना मध्ये घेऊन शिंगं बाहेर करून कडं करतात. लांडग्यापुढे हे चालतं, बंदुकीपुढे नाही चाललं. तुम्ही जवळ गेलात तर त्यांना उगाच कडं करायला लावता, म्हणून दुर्बीण आणा. कॅरिबू मात्र नशिबाचा भाग. कधी टेकडी हलतेय असं वाटावं इतके, कधी नुसत्या वाटा आणि लव्हाळ्यात अडकलेले केस.

ग्रिझली अस्वलं आहेत. स्वयंपाक आणि झोप यांत अंतर ठेवतो, अस्वलाला पळवून लावायचा स्प्रे प्रत्येकाकडे असतो. तो विमानातल्या सामानात चालत नाही, नॉर्थवेस्ट टेरिटरीजची राजधानी यलोनाइफला घ्या.

तिथे कधी माणसं राहिलीच नाहीत का? "निर्मनुष्य" हा शब्द तुम्ही चार वेळा वापरलात. (प्राध्यापिका, कोल्हापूर)

टोचलात ते बरं केलं. बेव्हर्ली लेकच्या काठाला इनुइट लोक फार दुरून, थेट उत्तरेच्या किनाऱ्यावरून यायचे, लाकडासाठी. थेलॉन वरच्या अंगाची स्प्रूसची झाडं वाहून आणून तिथे टाकते, आणि झाड नसलेल्या मुलखात स्लेजला, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीला, लाकूड दुसरीकडे कुठे मिळणार? तंबूचं कातडं दाबायला मांडलेल्या दगडांची वर्तुळं जागोजाग दिसतात. आत जाऊन बसायचं नाही, दगड हलवायचा नाही. दिने हे इथले दुसरे मूळ रहिवासी, तेही वरच्या थेलॉनवर पिढ्यान्‌पिढ्या शिकारीला येत आलेत. 1950 च्या दशकात कॅरिबू आटले, आतल्या भागातले इनुइट उपाशी मेले, आणि उरलेले बेकर लेकसारख्या वस्त्यांत गेले. आज जी शांतता विकत मिळते तिचा हाही इतिहास आहे.

रशियन उपग्रह या नदीवर पडला होता हे खरं का? (इयत्ता नववी, ठाणे)

अगदी खरं. 24 जानेवारी 1978 रोजी अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस 954 उत्तर कॅनडावर कोसळला आणि तुकडे शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरले. थेलॉनकाठच्या वॉर्डन्स ग्रोव्हमध्ये सहा जण हिवाळा काढत होते. त्यांच्यातले दोघे कुत्र्यांच्या गाडीनं फिरायला गेले आणि गोठलेल्या नदीवर त्यांना वाकलेल्या धातूचा सांगाडा दिसला. एवढ्या मोठ्या ओसाड मुलखात नेमका त्यांच्याच वाटेत! कॅनडानं सोव्हिएत संघाकडे सुमारे 60 लाख डॉलर मागितले, मिळाले 30 लाख. मी जैतापूरची, अणुभट्टी म्हटलं की कान टवकारतातच. हा किस्सा शेकोटीवर मी दर वेळी सांगते.

खर्च, व्हिसा, महिना? आणि उत्तर ध्रुवीय प्रकाश दिसेल ना? (बऱ्याच जणांनी, मुंबई-पुणे)

सगळ्यात मोठा खर्च पाण्यावरच्या विमानाचा. ते तुम्हाला सोडून रिकामं परत येतं आणि त्या रिकाम्या फेरीचेही पैसे तुमचेच. व्हिसाचा अर्ज हिवाळ्यातच करा. हंगाम जुलै ते ऑगस्टचा मध्य. जुलैत रात्र अशी होतच नाही, तेव्हा ध्रुवीय प्रकाश विसरा आणि डोळ्यांवर बांधायची पट्टी आणा. तो बघायचाच असेल तर परतीत ऑगस्टअखेर यलोनाइफला थांबा.

आणि परतीचं मुंबईचं तिकीट सहल संपते त्याच्या दुसऱ्या दिवशीचं काढू नका. धुकं असेल तर विमान येत नाही, वारा असेल तर उतरत नाही. निदान तीन दिवस मोकळे ठेवा. ऑफिसला रजेचा अर्जही तसाच करा.