बिल त्याचं, पाळी याची

प्रिय मित्रा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सौरऊर्जेच्या धोरणासाठी उद्योजकांच्या सह्या जमवतोयस, हे कळल्यावर फार बरं वाटलं. पण तो कागद मंत्र्यांच्या हातात दिला की काम संपलं, असं समजू नकोस. विजेचा दर ठरतो वीज नियामक आयोगासमोर, आणि दर ठरवण्याआधी लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेणं 2003च्या वीज कायद्यानं आयोगाला बंधनकारक आहे. तिथं जायची तयारी कर.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत धातू ओतून सुटे भाग घडवणाऱ्या फाउंड्रीवाल्याशी हवामानबदलापासून बोलायला लागू नकोस. त्याचं वीजबिल मागून घे. भट्टी चालवणाऱ्याचा जीव युनिटच्या दरात अडकलेला असतो. शेतीची वीज स्वस्त ठेवण्यासाठी क्रॉस सबसिडीचा, म्हणजे एकाची सवलत दुसऱ्याच्या बिलातून भरून काढण्याचा, बोजा उद्योगांवर पडतो, हे त्याला तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मग त्याला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हिशोब दाखव. गावच्या वीज उपकेंद्राला जोडलेल्या सौर प्रकल्पाची वीज युनिटला साधारण 3 रुपयांनी मिळते. शेतीपंपांचा पुरवठाच स्वस्त झाला, तर आमच्यावरचा बोजा उतरवा, असं आयोगापुढे ठामपणे म्हणता येतं.

शेतकऱ्याची निकड वेगळी आहे. त्याला दिवसा वीज हवी. रात्रीच्या पाळीला उसाला पाणी पाजायला निघालेल्या माणसाच्या घरी तो परतेपर्यंत कुणाला झोप लागत नाही. साप, बिबट्या, ओल्या बांधावर अंधारात सुरू करायची मोटर. म्हणून आयोगाच्या सुनावणीला या दोघांना बरोबर घेऊन जा. एकट्या उद्योजकाचं म्हणणं सवलतीची मागणी म्हणून बाजूला ठेवता येतं. शेजारी शेतकरी तेच मागत असला की तसं करणं अवघड जातं.

गायरानाबाबत मात्र मी तुला सूट देणार नाही. प्रकल्पाला जागा बहुतेक वेळा तिथलीच निघते. ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख असे तीन वर्षं मिळतात, पण मेंढरं राखणाऱ्याच्या पदरात त्यातलं काय पडतं? ग्रामसभेत त्याला आधी बोलू दे. त्याला डावलून ठराव झाला, तर त्या कागदावर माझी सही मिळणार नाही.

पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी बघून ये. शंभरेक घरांची वाडी, 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. लोकांचं एकमत कसं झालं, ते तिथल्या बायकांना विचार.

सुनावणीची जाहिरात वर्तमानपत्रात येते, हरकतीला मुदत कमी असते. मसुदा त्याआधीच पाठव, रात्री बसून वाचून देईन.

तुझा,
काका