सुविचार खरंच त्या माणसाचाच आहे का, हे कसं तपासायचं?

भाषण, पुस्तक, साल यातलं काहीच न देता खाली नुसतं नाव असेल, तर तो त्या माणसाचा नाही असं धरून चाला. साल दिलेलं असेल, तर त्या साली तो माणूस होता कुठे ते बघा.

मी बँकेत काउंटरवर नोकरी केली. आमच्या शाखेत गांधीजींच्या फोटोसकट ती पाटी होती, तुम्हीही कुठल्या तरी बँकेत वाचली असेल: ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, तो आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत. खाली 'दक्षिण आफ्रिका, १८९०'. पेन्शनच्या दिवशी रांग दारापर्यंत गेली, की मॅनेजर केबिनमधून येत आणि सगळ्यांदेखत मला ती पाटी दाखवत. "महात्माजी काय सांगून गेलेत, वाचा जरा." शेजारची दोन काउंटर माणसांअभावी बंद असायची, त्याबद्दल बोललं तरी उत्तर पाटीच.

१८९० साली गांधीजी लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते. दक्षिण आफ्रिकेत ते पोचले मे १८९३ मध्ये. जवळजवळ हाच मजकूर १९४१ साली अमेरिकेत छापलेला सापडतो, स्टुडबेकर या मोटार कंपनीत विक्री सांभाळणाऱ्या केनेथ एलियट यांच्या नावाने. हे मी साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "कोण बोललं याला काय महत्त्व? विचार चांगला आहे ना?"

मला हे आजही पटत नाही. विचार चांगला असेल तर स्वतःच्या नावावर सांगा. पाटीवर एलियटचं नाव असतं तर ती दाखवून मला कुणी गप्प केलं नसतं. गांधीजींचं नाव आलं की समोरच्याला बोलता येत नाही, म्हणूनच ते लावतात.

गांधीजींपुरतं तपासणं सोपं आहे. त्यांचं समग्र वाङ्मय इंग्रजीत शंभर खंडांत आहे, इंटरनेटवर फुकट वाचता येतं. 'जगात जो बदल हवा तो स्वतः व्हा' हे वाक्य त्यात नाही. १९१३ साली 'इंडियन ओपिनियन' या त्यांच्या दक्षिण आफ्रिकेतल्या साप्ताहिकात, आपण बदललो तर जगाची वृत्तीही बदलेल, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलंय, तेवढंच.

अर्थात सगळंच खोटं नसतं. 'करेंगे या मरेंगे' हे ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवरच्या भाषणातलं आहे, खुशाल त्यांच्या नावाने लिहा. आणि ग्राहकाशी कसंही वागावं असं मी म्हणत नाही, मी कधी कुणावर खेकसले नाही. साहेबांनी "माणसं कमी आहेत, आज सांभाळून घ्या" एवढं स्वतःच्या तोंडाने म्हटलं असतं, तर मी जेवणाची सुट्टी न घेता बसले असते.