‘विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल ना?’

समुपदेशनाला आलेल्या १७ वर्षांच्या मुलाने मरणाचे विचार येतात असं सांगितलं आणि अट घातली, घरी कळता कामा नये. जिवाला धोका असेल तिथे गोपनीयता संपते, हे त्याला पहिल्याच भेटीत सांगितलेलं होतं. तरी परस्पर फोन केला नाही. घरी काय सांगायचं ते त्याच्यासोबत बसून ठरवलं. विचार येतात, रात्री वाढतात, एवढं सांगायचं. प्रेमप्रकरण सांगायचं नाही. पालकांना धोका कळायला हवा, प्रत्येक तपशील नव्हे.

आईने विचारलं ते शीर्षकात आहे. उत्तर: नाही. आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारल्याने धोका वाढत नाही, असंच संशोधन सांगतं. ‘वेडंवाकडं काही मनात नाही ना?’ हा प्रश्न मात्र कुचकामी, कारण ‘नाही’ हे उत्तर त्यातच भरवलेलं असतं. ‘जीव संपवावासा वाटतो का? आज वाटलं का?’ असं विचारावं. ‘हो’ म्हणाला तर ‘आमचा विचार केलास का?’ हे मुळीच नको. आपण घरच्यांना ओझं आहोत असं त्याला आधीच वाटत असतं. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणावं आणि शेजारी बसावं.

वडिलांनी रागाने मोबाइल काढून घेतला होता. तो परत द्यायला लावला. मित्र त्यातच होते, शिवाय बोलल्याची शिक्षा मिळाली की मूल पुढच्या वेळी बोलत नाही.

वडिलांना वेगळं काम दिलं. टोकाची लहर बरेचदा काही मिनिटं ते काही तास टिकते. तेवढ्यात साधन हाताशी नसलं तर जीव वाचू शकतो. म्हणून आजोबांच्या गोळ्यांसकट सगळी औषधं कुलपात, किल्ली वडिलांच्या खिशात, बाहेर फक्त त्या वेळचा डोस. कीटकनाशकं घरातच नकोत. कपाटावर लपवून भागत नाही, मुलांना घरातल्या सगळ्या जागा ठाऊक असतात.

सुरक्षा आराखडा, म्हणजे विचार वाढू लागले की काय करायचं याची यादी, मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिला. धोक्याची पहिली खूण: ‘ताटावरून उठतो.’ मग मन कशाने वळतं, कोणाला फोन करायचा, डॉक्टर आणि हेल्पलाइनचे नंबर. एक प्रत आईकडे.

चार दिवस हसला म्हणून कुलूप काढायचं नाही. ते डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. आणि कधी, कसं हे त्याने ठरवलेलं असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता, एकटं न सोडता, थेट रुग्णालयात न्यायचं.