सुपरनोव्हा कळवण्याआधी
दीर्घिकेजवळ नवा ठिपका दिसला की तो सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट झालेला तारा, समजून लगेच कळवू नका. तासाभराने दुर्बीण किंचित हलवून पुन्हा फोटो घ्या. ठिपका सेन्सरवर त्याच जागी राहिला तर तो हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरचाच दोष. ताऱ्यांच्या तुलनेत सरकला तर बहुधा लघुग्रह. संथ लघुग्रह तासाभरात सरकलेला दिसत नाही, म्हणून लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या एमपीचेकर या ऑनलाइन साधनावर स्थान तपासाच. मग ट्रान्झियंट नेम सर्व्हर या सुपरनोव्हांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर आधीची नोंद शोधा. २०१६ पासून अधिकृत नोंद तिथेच होते. नोंदीत जे२००० निर्देशांक (सन २००० च्या संदर्भाने आकाशातलं स्थान), प्रत (तेजस्विता), फिल्टर आणि ठिपका नसलेल्या शेवटच्या फोटोची तारीख व मर्यादा-प्रत (त्यात दिसू शकणारी सर्वांत मंद प्रत) द्या. खरा घोळ वेळेत होतो: वेळ जागतिक वेळेत (यूटी) द्यायची असते, म्हणून भारतीय वेळेतून ५ तास ३० मिनिटं वजा करा. पहाटे साडेपाचच्या आधीचं निरीक्षण असेल तर तारीखही एक दिवस मागे जाते.