सातारा-पुणे ये-जा आहे, अ‍ॅव्हरेज पडलंय आणि सर्व्हिसिंगचं बिल वाढतंय, पेट्रोलच्या गाडीचा खर्च कमी कसा करायचा? खंबाटकी उतरताना न्यूट्रल केली तर पेट्रोल वाचतं का?

आधी न्यूट्रलचं सांगतो, कारण तिथं पैशाआधी जिवाचा प्रश्न आहे. नाही वाचत. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांच्या काळातली सवय आहे ही, अजून चालत आलीय. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअरमध्ये असताना रेसवरचा पाय पूर्ण काढला की गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बंदच करतो, चाकंच इंजिन फिरवत असतात त्यामुळे त्या उतारावर पेट्रोल जवळपास शून्य लागतं. उलट न्यूट्रल केलं की इंजिन बंद पडू नये म्हणून आयडलला पेट्रोल जाळत राहावं लागतं, म्हणजे वाचवायला गेलात आणि जास्त घातलंत. आणि मग गाडी धरायचं सगळं काम ब्रेकवर येतं. पाचगणीहून वाईला पसरणी घाट उतरताना पुढच्या गाडीच्या चाकांचा करपल्यासारखा वास येतो ना, तो त्याचाच, ब्रेकचे लायनर तापतात आणि मग ब्रेक दाबला तरी गाडी थांबत नाही. काही जण तर इंजिनच बंद करतात, कृपा करून हे कधीच करू नका, दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि स्टीअरिंगही जड होतं. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, दुसरा किंवा तिसरा, लायनरही वर्षानुवर्षं टिकतात.

आता अ‍ॅव्हरेज. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर जाऊ नका. टाकी फुल्ल करा, पंप आपोआप कट झाला की बास, वर अजून भरायला लावू नका, ट्रिप मीटर शून्य करा, नेहमीसारखी गाडी चालवा आणि परत त्याच पंपावर तशीच फुल्ल करा, किलोमीटर भागिले लिटर, हाच खरा आकडा. तो पूर्वीपेक्षा थोडा कमी आला तर लगेच मेकॅनिककडे धावू नका, हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे थोडी घट होणारच. मोठी घट असेल तर मात्र बघावं लागेल.

बघायचं ते आधी टायरमध्ये. हे सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथंच होतं. ड्रायव्हरचं दार उघडा, दाराच्या खांबावर एक स्टिकर असतो, त्यावर पुढच्या-मागच्या टायरची हवा लिहिलेली असते, लोड भरल्यावर किती तेही. छोट्या गाड्यांना बहुतेक ३० ते ३५ पीएसआयच्या आसपास. पंपावरचा पोरगा न विचारता सगळ्यांना एकच आकडा मारतो म्हणून तुम्ही स्वतः सांगा आणि काटा स्वतः बघा. हवा टायर गार असताना चेक करायची, म्हणजे घरातून निघाल्यावर जवळच्याच पंपावर, पुण्याहून आल्या आल्या नाही, तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसतो आणि मग पंपावरचा पोरगा हवा काढून टाकतो. स्टेपनीही चेक करा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर व्हील अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर एका कडेनं खाल्ला जातो आणि तो खर्च पेट्रोलपेक्षा मोठा आहे.

दुसरी गोष्ट स्पीड. शिरवळच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला की सगळेच ११० ला जातात. हवेचा रोध स्पीडच्या वर्गानं वाढतो, ८० ला जेवढा असतो त्याच्या जवळजवळ दुप्पट ११० ला. ८५ नं गेलात तर साताऱ्याला फार तर पंधरा-वीस मिनिटं उशिरा पोचाल, आणि फरक टाकीत दिसेल. पुढची गाडी लांबून बघून रेस आधीच सोडायची, शेवटी ब्रेक मारायचा नाही. गावात, पोवई नाक्याच्या गर्दीत वगैरे, क्लचवर पाय ठेवून गाडी धरून ठेवू नका, हँडब्रेक लावा. क्लचप्लेटचं काम निघालं तर वर्षभर वाचवलेलं पेट्रोल एका बिलात जातं. एसीचं म्हणाल तर हायवेला काचा बंद करून एसी लावा, गावात हवा गार असेल तर काचा उघडा, एवढंच.

सर्व्हिसिंगला जाताना गाडीसोबतचं मॅन्युअल वाचून जा, खरंच सांगतो, त्यात किती किलोमीटरला काय बदलायचं ते सगळं लिहिलेलं असतं. ऑइल, ऑइल फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल यात काटकसर नको आणि ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमधलाच. पण इंजिन फ्लश, डीकार्बनायझिंग म्हणजे इंजिनमधला कार्बन साफ करणं, पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्या हे मॅन्युअलमध्ये नसेल आणि गाडीला तक्रार नसेल तर सरळ नाही म्हणा. जॉबकार्डवर सही करायच्या आधी प्रत्येक ओळ विचारा, आणि बदललेले पार्ट परत मागा, म्हणजे खरंच बदलले का ते कळतं. एअर फिल्टर स्वतः उघडून बघता येतो, दोन-चार क्लिपा असतात, आपल्याकडं उसाच्या सीझनमध्ये रस्त्यावर माती असते म्हणून मधे एकदा नक्की बघा.

पहाटे पेट्रोल भरलं की जास्त मिळतं यात काही नाही, टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान दिवसभरात फारसं बदलत नाही. महागडं प्रीमियम पेट्रोलही मॅन्युअलमध्ये लिहिलं नसेल तर नको. मापाची शंका असेल तर पंपावर शिक्का मारलेलं ५ लिटरचं माप ठेवलेलं असतं, त्यात भरून दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, न लाजता मागा.